गल्ली जेवली ती संध्याकाळ

एप्रिल निम्मा सरला की आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर जुन्या सुती साड्या अंथरल्या जातात आणि त्यांच्यावर कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या वाळू लागतात. मार्केट यार्डाच्या बाजूनं वारा आला की हळदीचा वास येतो. सांगलीत जन्मलेल्यांना तो म्हणे जाणवतच नाही. मी वाईची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मला तो येतो, नाकाला लागतो आणि घशात बसतो. दुपार व्हायला आली की घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. वर्षाचे बाकीचे महिने त्या माझ्या कानांवरून नुसत्या जातात. या दिवसांत मात्र समोरच्या घरातून एक शिट्टी आली, की माझा हात जिथल्या तिथं थांबतो. सुधीर, माझा नवरा, आता काही विचारत नाही. तो पेपर वाचत राहतो आणि मी परत कांदा चिरायला लागते.

समोरचं घर शालनकाकूंचं. आमच्या दोन घरांमधली गल्ली इतकी अरुंद, की खिडकीतून खिडकीत मिरच्या मागता येतात, आणि आम्ही मागतोही. काकू माहेरच्या आटपाडीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. अजूनही चालताना असं लांब पाऊल टाकतात की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागतं. म्हणजे टाकायच्या. यंदा गुडघ्यांनी दावा मांडलाय.

परवा गच्चीवरून त्यांनीच सांगितलं, "जया, मी चालले गं. वैशालीकडं, उंब्रजला. रविवारी टेंपो येणार हाय." वैशाली त्यांची एकुलती मुलगी. जावयाचं हायवेला टायरचं दुकान आहे.

"बरं झालं की काकू, मुलीजवळ राहाल," मी म्हटलं आणि घरात आले. घरात येऊन स्वतःचाच असा राग आला! बरं झालं म्हणे. काय बरं झालं? त्या उन्हाळ्यापासून मी या बाईच्या घरात बूड टेकून बसलेली नाही. उंबऱ्यापर्यंत जाते, वाटी देते, वाटी घेते, "येते हं, गॅसवर दूध आहे" म्हणते. किती वर्षं माझं ते दूध गॅसवर आहे, देव जाणे. आता रविवारच्या आत मला तो उंबरा ओलांडायचा होता आणि आत बसून एक गोष्ट बोलायची होती. घराला एकदा कुलूप पडलं की ती माझ्या घशात कायमची राहणार होती, या हळदीच्या वासासारखी.

तो उन्हाळा म्हणजे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा. सगळ्यांनाच आठवतो आणि कुणालाच आठवायचा नसतो. गच्च्या मोकळ्या होत्या. बेदाण्याचे सौदे थांबलेले, यार्डात शुकशुकाट, कृष्णेच्या घाटावर चिटपाखरू नाही. आवाज म्हणाल तर ॲम्ब्युलन्सचा. आधी तो कुठून कुठं चाललाय याचा अंदाज बांधायचा आणि मग आपल्याकडं आला नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडायचा, असले आमचे उद्योग.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. कॉलेजं बंद होती, तेव्हा पालिकेच्या मदतीला काही शिक्षकांना बोलावलं आणि मला नकाशाच्या कामाला बसवलं. रोज नव्या रुग्णांचे पत्ते यायचे. एक पत्ता म्हणजे शहराच्या नकाशावर एक लाल ठिपका. कुठली वस्ती तापतेय, रोग कुठून कुठं सरकतोय, उद्या कुठली गल्ली बंद करायची, हे त्या ठिपक्यांवरून ठरायचं.

आणि आता जे सांगते ते सांगताना जीभ अडखळते, पण सांगते. मला ते काम आवडत होतं. नुसतं आवडत नव्हतं, सकाळी उठून कधी एकदा तिथं पोचते असं व्हायचं. आयुष्यभर मुलांना पर्जन्यमानाचे नकाशे रंगवायला लावणारी बाई मी. पहिल्यांदाच माझ्या नकाशाकडं कुणीतरी जीव टांगणीला लावून बघत होतं. पहिल्या लाटेतले ठिपके मी मागे जाऊन लावून बघितले. ते मंडईभोवती, दाटीच्या वस्त्यांत, शेजारून शेजारी गेलेले दिसत. दुसऱ्या लाटेत तसं नव्हतं. एकेका घरात घोसच्या घोस. आणि गंमत अशी की, गंमत हाच शब्द तेव्हा माझ्या तोंडात होता, एक घोस विश्रामबागेत, एक मिरजेत, एक कुपवाडला, आणि सगळे एकदमच उगवलेले. मधले रस्ते कोरे. हा रोग काय उडत गेला की काय?

मग मी त्या घरांना फोन लावत बसले. आजारी माणसांना खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं, ही सगळी एकमेकांची सोयरी. एका मयताच्या रक्षाविसर्जनाला जमलेली. आपल्याकडं तिसऱ्या दिवशी रक्षा सावडायला भावकी लोटते, हे मी काय वेगळं सांगू? गळ्यात पडून रडायचं, जवळ बसून पाणी पाजायचं, दोन घास भरवायचे. एक माणूस जायचा आणि थोड्या दिवसांनी त्याला रडायला आलेल्यांच्या घरी ठिपके उमटायचे. मी मागचे नकाशे काढून तपासले. पुन्हा पुन्हा तेच.

बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, रोग रस्त्यानं चाललेला नाही. नात्यानं चाललाय."

साहेबांनी चष्मा काढला. मी घरी येऊन हे वाक्य सुधीरला दोनदा ऐकवलं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "ऐकलं गं मघाशी."

चार-दोन दिवसांत गल्लीगल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागले. "मयताच्या घरी भेटीस जाऊ नये. फोनवरून सांत्वन करावे." शब्द माझेच. आमच्या गल्लीतला फ्लेक्स तात्यांनी मोठ्यानं वाचला. तात्या म्हणजे शालनकाकूंचे यजमान. हळदीच्या अडत दुकानात काट्यावर तोलारी करण्यात त्यांचा जन्म गेला. बनियन कितीही धुतली तरी पिवळीच, आणि काकू ती दोरीवर घालताना रोज तेच म्हणायच्या, "ह्या माणसाला रोजच हळद लागलीया." निवृत्त झाल्यावर ते घरासमोरच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायचे. मला म्याडम म्हणायचे.

"म्याडम, फोनवरनं सांत्वन कसं करत्यात ओ?" त्यांनी विचारलं. "आन रेंज न्हाई आली मंजी?"

"तात्या, आत जा बघू. आणि मास्क नाकावर घ्या," मी म्हटलं.

"घेतो की. पर मी मेल्यावर तुमी येणार न्हाई, असं म्हणा की सरळ," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. तेव्हा आम्ही असल्या गोष्टींवर हसायचो.

नियम लागला आणि घोस कमी झाले. ठिपके विरळ होत गेले. बरोबर होतं ते. आज जरी हा प्रश्न मला कुणी परीक्षेत घातला तरी मी हेच उत्तर लिहीन आणि वर पुरवणी मागून घेईन. माझं भांडण उत्तराशी नाहीच.

त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या सासूबाई गेल्या ते कोरोनाच्या आधी काही वर्षं. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं, हे सगळीकडंच आहे. आमच्या गल्लीत आणखी एक रीत होती. त्या घरातल्या माणसांनी दोन घास खाल्ल्याशिवाय आजूबाजूच्या घरांत ताटं मांडायची नाहीत. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण होती. त्या संध्याकाळी काकू आमटी-भाताचं भलंमोठं पातेलं फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. मला घास गिळवेना.

"खा गं," काकू म्हणाल्या. "तू खाल्ल्याबिगर गल्ली जेवायची न्हाई. लेकरं ताटकळल्यात तिकडं."

मी रडत रडत खाल्लं. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता आणि त्या हातालाही हळदीचा वास होता. मी खाल्लं, तेव्हा काकू खिडकीशी गेल्या आणि बाहेर कुणाला तरी म्हणाल्या, "वाढा रं, वाढा." मग घराघरांत भांडी वाजली. त्या आवाजानं मला केवढा आधार वाटला, ते आजही सांगता येणार नाही. आपल्या दुःखासाठी एवढी माणसं उपाशी थांबली होती, असं काहीतरी.

तात्या गेले ते छातीत कळ येऊन. सकाळी कट्ट्यावर बसले होते, "शालन, पाणी दे गं" म्हणाले आणि कलंडले. त्या दिवसांत ॲम्ब्युलन्स मिळायला उशीर लागायचाच. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं. पण त्या उन्हाळ्यात कुठलंही मरण संशयितच. तपासणीला नमुना घेतला, अंत्यविधी नियमाप्रमाणं परस्पर उरकला. वैशाली उंब्रजहून निघाली ती जिल्ह्याच्या हद्दीवर अडकली. पास नाही म्हणून तिला माघारी धाडलं.

दुपार कलल्यावर काकूंना गाडीनं गल्लीच्या तोंडाशी, त्या फ्लेक्सखाली सोडलं. तिथून त्यांच्या दारापर्यंत त्या एकट्या चालत आल्या. एका हातात तात्यांच्या चपला होत्या. गल्लीतली सगळी घरं खिडक्यांत उभी होती. कुणी बाहेर आलं नाही. कुणी हाक मारली नाही. काकूंनी कुणाकडं वर बघितलं नाही, आपलं कुलूप आपण काढलं आणि आत गेल्या.

मी आमटी-भात केला. सासूबाईंच्या वेळेला काकूंनी आणलं होतं तेवढंच मोठं पातेलं काढलं, फडक्यात बांधलं आणि जिना उतरून खालच्या पायरीवर उभी राहिले. समोरच्या खिडक्या माझ्याकडं बघत होत्या. बोर्ड लिहिणारी बाई काय करते ते बघत होत्या. मी गेले तर सगळे जातील, हे मला त्या नकाशानं शिकवलं होतं. म्हणून मी थांबले.

हे मी लोकांना सांगते. स्वतःलाही बरीच वर्षं हेच सांगितलं. पण पातेलं उंबऱ्यावर ठेवून, कडी वाजवून परत येता आलं असतं की! घरोघरी डबे असेच ठेवले जात होते. मीच तर बैठकीत तसं सुचवलं होतं. तेवढी गल्ली ओलांडायला कुठला नियम आड येत होता? कुठलाच नाही. भ्याले होते मी. तात्या आदल्या संध्याकाळी माझ्याशी बोलले होते, मास्क नाकाखाली घेऊन, आणि मी दिवसभर माझ्या घशावर बोट ठेवून बसले होते. नियम होता म्हणून नाही थांबले. थांबायचं होतं आणि नियम सापडला.

मी तशीच पायरीवर असताना समोरून कुकरची शिट्टी आली. थोड्या वेळानं आणखी एक.

मयताच्या घरातून, त्याच संध्याकाळी, कुकरची शिट्टी! दुसऱ्या कुठल्या वेळेला ऐकून अंगावर काटा आला असता. पण खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. काकूंनी भात लावला. म्हणजे त्या जेवतायत. म्हणजे आता मी जायला हवं असं काही नाही. मी पातेलं घेऊन वर आले. सुधीर म्हणाला, "चला, वाढ मग." शेजारच्या घरातही भांडी वाजायला लागली, त्याच्या पलीकडच्याही. मी दोनदा भात घेतला. दिवसभराची भूक होती, आमटी चांगली झाली होती. हे दोनदा घेतलेलं माझ्या अंगाला अजून लागलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "काकू, मी जया."

"व्हय गं."

"काही लागलं तर सांगा हं."

"सांगते की." मला खिडकीतून त्या दिसत होत्या, कानाला फोन लावून भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. रेंज चांगली होती.

पुढं कितीतरी दिवस मी लोकांना सांगायची, "काकू खंबीर हो! त्याच दिवशी स्वतःच्या हातानं कुकर लावला." कौतुकानं सांगायची. ऐकणाऱ्यांना बरं वाटायचं. मला तर जास्तच.

आणि तात्यांचा रिपोर्ट आला, तो निगेटिव्ह. त्यांना तो आजार नव्हताच.

त्यामुळं माझ्या नकाशावर त्यांचा ठिपका नाही. तो नकाशा मी अजून वर्गात दाखवते. साथ कशी पसरते हे शिकवायला त्याच्याइतकं चांगलं साधन माझ्याकडं दुसरं नाही. मुलं माना डोलावतात. मी पट्टीनं घोस दाखवते, दिशा दाखवते, आणि आमच्या गल्लीपाशी आले की पट्टी थोडी पटकन उचलते. तिथं कोरं आहे. त्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेलेले, बाळंतपणात अडलेले, डायलिसिसला पोचू न शकलेले, यातलं कुणीच माझ्या नकाशात नाही, कारण माझा प्रश्न वेगळा होता. आणि बंद दारांमागं एकटे बसलेले तर कुठल्याच नकाशात येत नाहीत. साथ कुठं गेली ते मी दाखवू शकते. माणसं कुठं गेली नाहीत, ते कुणाला दाखवू?

शनिवारी सकाळी बघितलं तर काकूंच्या दारातून गॅसची शेगडी बाहेर आलेली. सिलिंडरही दिलेला. म्हणजे आज त्यांच्या घरी स्वयंपाक नाही. मी सुधीरला म्हटलं, "आज आमटी-भात करते." तो पेपरातून वर न बघता म्हणाला, "जास्त कर." शहाणा आहे तसा.

तेच पातेलं. फडकं नवं. गल्ली ओलांडायला मला कितीसा वेळ लागणार, पण त्या खालच्या पायरीवर मी पुन्हा थांबले, अगदी तशीच.

काकू गाठोड्यांच्या मधोमध बसल्या होत्या. "ये. आत ये की, दारात का हुबी? का दूध ठेवून आलीस?"

म्हणजे त्यांनाही ते दूध माहीत होतं! मी आत गेले आणि जमिनीवर बसले. ताटली शोधली, वाढलं. काकूंनी भात कालवला आणि जेवायला सुरुवात केली. दोन-तीन घास झाल्यावर म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलंय." मग मी बोलले. उगाच वळणं घेतली नाहीत, घेतली असती तर परत फिरले असते.

"काकू, तात्या गेले त्या दिवशी मी पातेलं भरून जिन्यात उभी होते. आले नाही. नियमाचं नुसतं नाव. मी भ्याले होते."

काकू घास चावत राहिल्या. "ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "दिसत हुतीस की खिडकीतनं. सगळीच भ्याली हुती गं. आन तू आली असतीस तर मी दार उघडलं असतं व्हय? म्हटलं असतं, जा बाई, तुझ्या घरात माणसं हायत."

यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. मी म्हटलं, "तुम्ही भात लावलात. शिट्टी ऐकली तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. तेवढं तरी जेवलात ना?"

काकू थांबल्या. माझ्याकडं असं बघितलं, की ही बाई कॉलेजात शिकवते तरी काय.

"भात कुठला गं? तांदळाच्या डब्याला हात लावायचं बळ कुणात हुतं?"

"मग कुकरमध्ये काय होतं?"

"पाणी," काकू म्हणाल्या. "सगळी खिडक्यांत हुबी. दिवं लागायची येळ झाली तरी कुणाच्या घरात भांडं वाजंना. लेकरं उपाशी असतील म्हटलं. मी खाल्ल्याबिगर तुमी कुणी जेवणार न्हाई, मला काय ठावं न्हाई? मग लावला पाण्याचा कुकर. दोन शिट्ट्या काढल्या. आदी तुझ्या घरात ताट वाजलं, मग तिकडं वाजलं. म्हटलं, चला, जेवली गल्ली. मग पडले मी तितंच फरशीवर."

ज्या शिट्टीच्या जोरावर मी दोनदा भात घेतला, लोकांना कौतुकानं सांगितली, ती माझ्यासाठीच काढलेली होती. सांत्वन आम्ही करायचं होतं. ते त्यांनी केलं, आमचं, नवरा गेल्याच्या संध्याकाळी, पाण्याचा कुकर लावून. आणि इतकी वर्षं त्याचा एका शब्दानं उच्चार नाही.

"रडू नगंस आता. वाढ आणिक थोडं," काकू म्हणाल्या. मी वाढलं. त्यांनी मीठ मागितलं, मीठ गाठोड्यात बांधलेलं होतं, म्हणून तसंच खाल्लं. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. मी समोर बसून एकेक घास बघत होते. बाहेर गच्चीवरच्या साड्या वाऱ्यानं फडफडत होत्या.

मग त्यांनी बोटं पुसली, गुडघ्यावर हात टेकला आणि मला म्हणाल्या, "झालं माझं. जा आता, सुधीर थांबला असंल. जेव जा."

मी पातेलं घेऊन गल्ली ओलांडली.